फोटोग्राफी क्लबची स्पर्धा घेताय? आधी या चुका टाळा

गेली अकरा वर्षं आमच्या क्लबची मासिक स्पर्धा मी सांभाळतो. या काळात नाशिकमधल्या दोन-तीन नव्या क्लबांनीही मदतीला बोलावलं. माणसं वेगळी, हॉल वेगळा, पण गोंधळ तोच. म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवतोय.

नियम नंतर ठरवू

बाकी सगळं सुधारता येतं. ही चूक माणसं तोडते, म्हणून हिच्यावर जास्त लिहितो.

चार वर्षांपूर्वी डिसेंबरात आम्ही नांदूर मधमेश्वरच्या पक्षी अभयारण्यात गेलो होतो. २०२० मध्ये रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलेलं हे महाराष्ट्रातलं पहिलं ठिकाण, निफाड तालुक्यात, आपल्या उंबरठ्यावर. पहाटे चापडगावच्या निरीक्षण मनोऱ्यावर पंधरा जण थंडीत कुडकुडत उभे होतो. ऊन वर आलं तसा एक मार्श हॅरियर, शिकारी पक्षी, पाण्यावर झेपावला, बदकांचा थवा उधळला आणि सगळ्यांचे कॅमेरे एकदम वाजले.

त्या महिन्याच्या स्पर्धेत निसर्ग विभागात पहिला नंबर आला एका नव्या मुलाचा. बक्षीस दिलं, टाळ्या झाल्या. चहा चालू असताना क्लबमधले एक ज्येष्ठ काका मला बाजूला घेऊन गेले आणि त्यांनी आपल्या कॅमेऱ्यातला फोटो दाखवला. तोच पक्षी, तोच क्षण. मनोऱ्यावर ते त्या मुलाला खेटूनच उभे होते. फक्त काकांच्या फोटोत पक्ष्यामागे चिखलात रोवलेली एक बांबूची काठी होती. जिंकलेल्या फोटोत ती नव्हती.

मुलाला विचारलं. त्याने काही लपवलं नाही. "हो दादा, मीच काढली. वाईट दिसत होती. काढायची नाही असं कुठे लिहिलं होतं?"

कुठेच लिहिलं नव्हतं. फियाप, पीएसए आणि रॉयल फोटोग्राफिक सोसायटी या फोटोग्राफीतल्या मोठ्या संस्थांनी मिळून निसर्ग छायाचित्राची व्याख्या केलेली आहे. फोटोतली वस्तू काढायची नाही, नवी घालायची नाही, जागची हलवायची नाही. क्रॉप चालतो, फोटो सरळ केलेला चालतो, सेन्सरवरच्या धुळीचे डाग पुसलेले चालतात. आम्हा जुन्यांना हे पाठ होतं, म्हणून लिहायचं कुणाला सुचलंच नाही. सहा महिन्यांपूर्वी कॅमेरा घेतलेल्या मुलाला ते कुठून कळणार?

आम्ही बक्षीस काढून घेतलं. तो निर्णय चुकीचा होता, असं मला आजही वाटतं. न लिहिलेल्या नियमाची शिक्षा आम्ही त्याला दिली. दुसऱ्या दिवशी त्याची आई ट्रॉफी माझ्या दारात देऊन गेली. तो पुन्हा क्लबात आला नाही.

तेव्हापासून मी दोन गोष्टी सोडत नाही. विषय जाहीर करण्याआधी नियमांचा एक कागद सगळ्यांना जातो. त्यावर तारीख असते आणि प्रत्येक विभागात काय चालतं, काय नाही, हे साध्या मराठीत लिहिलेलं असतं. आकाश बदललं, एआयने काही भरलं, तर फोटो क्रिएटिव्ह विभागात टाकायचा. कागद एकदा गेला की निकाल लागेपर्यंत त्यात एक शब्द बदलायचा नाही. काही राहून गेलं असेल तर त्याचा फायदा स्पर्धकाला.

दुसरी गोष्ट म्हणजे, पहिल्या दहांत आलेल्या प्रत्येकाकडून निकालाआधी मूळ फाइल मागायची. कॅमेरा असेल तर रॉ, म्हणजे कॅमेऱ्यातली कच्ची फाइल, मोबाइल असेल तर फोनमधली पहिली, हात न लावलेली फाइल. मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी उघडून बघतो. "आमच्यावर विश्वास नाही का?" असं दरवर्षी कुणीतरी विचारतं. सगळ्यांकडून मागितली की कुणा एकावर संशय राहत नाही. शंका आली तरच मागू, असं म्हणणारे क्लब शेवटी नवख्यांकडूनच मागतात, हे मी पाहिलंय.

एन्ट्री व्हॉट्सअॅपवर मागवणं

सोपं वाटतं, म्हणून सगळे करतात. पण व्हॉट्सअॅप फोटो लहान करतं, दाबतं आणि कॅमेऱ्याची माहितीही पुसून टाकतं. भर म्हणून पाठवणाऱ्याचं नाव फोटोसोबतच दिसतं. गुगल फॉर्म करायला अर्धा तास लागतो, तो द्या. त्यात ज्यांना जमत नाही, त्यांच्याकडून मी फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवतो, म्हणजे फाइल आहे तशी येते. मग प्रत्येक फाइलला नंबर देतो. नावांची यादी माझ्याकडे, आणि परीक्षकांकडे फक्त नंबर.

फोटो एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीत मागवा. अॅडोब आरजीबी या दुसऱ्या, जास्त रंगांच्या पद्धतीत पाठवलेला फोटो साध्या प्रोजेक्टरवर फिका पडतो आणि बिचाऱ्याला वाटतं परीक्षकांना रंग कळत नाहीत. आमचा प्रोजेक्टर १९२० बाय १०८० चा आहे, म्हणून फोटोही त्याच मापात मागवतो. हॉलवर दीड तास आधी जाऊन पडदे ओढून दहा-बारा फोटो लावून बघतो. यात कधी कंटाळा केलेला नाही.

एकच परीक्षक, तोही ओळखीचा

तीन असावेत. गुण आधी कागदावर लिहावेत आणि चर्चा नंतर व्हावी, नाहीतर मोठ्या आवाजाच्या परीक्षकामागे बाकीचे दोघं जातात. तिघांपैकी एक मी शक्यतो चित्रकार बोलावतो. शिवाजी तुपे यांच्यासारखा निसर्गचित्रकार ज्या शहराने पाहिला, तिथे चित्रकारांची वाण नाही. लेन्स कोणती, हे ते विचारत नाहीत. उजेड कुठून आला, ते बघतात.

परीक्षकांना मी आधीच एक विनंती करतो. फोटोत काय दिसलं ते आधी सांगा, काय चुकलं ते नंतर. एकदा एका परीक्षकांनी भर हॉलमध्ये एका ताईंच्या फोटोला "हा कशाला पाठवला?" म्हटलं. त्या पुढचं वर्षभर नुसत्या बसायला यायच्या, फोटो कधी दिला नाही.

विषय: 'गोदाघाट'

असा विषय दिलात की साठ फोटोंत चाळीस साधू आणि पंधरा दिवे येणार. सिंहस्थ आलाय, आता तर हे वाढणारच. साधूंना पैसे देऊन चिलमीचा धूर सोडायला लावलेला फोटो मला अजिबात मान्य नाही, आणि आमच्या नियमांत तसं लिहिलेलं आहे. विषय अरुंद द्या. 'बुधवारचा बाजार, तराजू आणि हात' असा विषय दिला होता, तेव्हा लोक भाजीवाल्या मावशींशी बोलायला लागले. तो आमचा सगळ्यात चांगला महिना.

पहिल्याच महिन्यात स्पर्धेत उतरवणं

नव्या सभासदांना घाई असते. कुठला कॅमेरा घेऊ, कुठला प्रिसेट (एका क्लिकवर रंग बदलणारी तयार सेटिंग) वापरू, नंबर कधी येईल. मी त्यांना पहिले तीन महिने फक्त फोटो दाखवायला सांगतो, स्पर्धा नाही. काही नाराज होऊन जातात, जाऊ देतो. आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी सिनेमाआधी फोटोग्राफी केली, छपाई शिकली, आणि पहिल्या मोठ्या चित्रपटाआधी कुंडीतल्या वाटाण्याचं रोप कसं वाढतं ते एकेक फ्रेम करून टिपलं. ज्यांना तीन महिने दम निघत नाही, त्यांना मी ही गोष्ट सांगतो. प्रिसेट तोपर्यंत बंद. रंग का बदलला, हे स्वतःच्या शब्दांत सांगता आलं की खुशाल वापरा.

आता थोडक्यात उरलेल्या.

'विजेता फोटो क्लबच्या मालकीचा' असं नियमांत लिहू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतःसाठी काढलेल्या फोटोचा हक्क काढणाऱ्याचा असतो. क्लबने प्रदर्शनात आणि पोस्टरवर वापरायची परवानगी मागावी, तेवढी पुरते.

घरट्यातल्या पिलांचे फोटो स्पर्धेत घेऊ नका. बक्षीस मिळतं म्हटल्यावर लोक फांद्या तोडतात.

फोटोवर वॉटरमार्क असेल तर एन्ट्री परत पाठवा. चेहरा दिसणारं लहान मूल असेल तर आईवडिलांना विचारलं होतं का, ते विचारा.

रंगपंचमीला रहाडीजवळ, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या जुन्या हौदाजवळ आउटिंग नेणार असाल, तर कॅमेऱ्याला प्लास्टिक आधीच बांधून न्या, तिथे जाऊन जमत नाही.

वर्गणी आणि बक्षिसांचा हिशोब दर महिन्याला ग्रुपवर टाका, रक्कम पाचशेची असली तरी.

आणि निकालाच्या दिवशी फक्त विजेते दाखवून लोकांना घरी पाठवू नका. आम्ही आलेला प्रत्येक फोटो पडद्यावर दाखवतो, एकेकाला पाऊण मिनिट. साठ फोटोंना पाऊण तास जातो. चहा त्यानंतर.