जुन्या पिकअपचे दिवे मंद? आधी अर्थिंग बघा

खानापूरच्या पावसात वर्षानुवर्षं भिजलेल्या पिकअपचं सगळं वायरिंग उपसायची घाई करू नका. बॅटरीच्या निगेटिव्हची वायर चासीला जिथे आवळलेली असते, त्या अर्थिंगच्या जागी रंगाखाली गंज धरतो. आधी निगेटिव्ह टर्मिनल सोडवा, मग बोल्ट काढून पत्रा चकचकीत होईपर्यंत पॉलिश पेपरने घासा, घट्ट आवळा, वरून ग्रीस लावा. आमच्या गाडीत ही वायर वरून धडधाकट दिसायची, आत निम्म्या तारा हिरव्या पडून तुटलेल्या निघाल्या!

जोडल्यावर हेडलाइट लावून बॅटरीचं निगेटिव्ह आणि दिव्याची चासीला जाणारी अर्थ वायर यांच्यात मल्टीमीटर धरा. ०.२ व्होल्टच्या वर दाखवलं तर गंज अजून कुठेतरी आहे.

रिले, म्हणजे स्विचच्या थोड्याशा करंटवर दिव्यांचा मोठा करंट चालू-बंद करणारा भाग, मात्र बसवाच. ६० वॅटचे दोन बल्ब साधारण १० अँपिअर ओढतात. जुन्या स्विचवर तो भार नको. बॅटरीकडून रिलेला येणाऱ्या वायरला बॅटरीजवळच फ्यूज हवा.