बाळाच्या क्लोज-अपमध्ये आडवे काळे पट्टे: माझा अनुभव

घोडबंदर रोडला ताईच्या घरी ११ दिवसांच्या भाचीच्या पापण्यांचे क्लोज-अप काढले, तर प्रत्येक फोटोत आडवे काळे पट्टे. लेन्स पुसली, कार्ड बदललं, कॅमेरा रीसेट केला. दोन दुपारी फुकट!

दोष एलईडी ट्यूब आणि सायलेंट शटरच्या, म्हणजे आवाज न करता फोटो काढायच्या सेटिंगच्या, जोडीचा. (बाळ उठू नये म्हणून मीच ते लावलेलं.) आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्तातली ट्यूब सेकंदाला १०० वेळा मिणमिणते. सायलेंट शटरमध्ये सेन्सर (कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग) ओळीओळीने वाचला जातो, म्हणून १/५०० सेकंदाच्या शटरला काही ओळी ट्यूब मंद असताना टिपल्या जातात आणि पट्टे उमटतात.

उपाय असा: आधी शटर प्रायॉरिटी मोड, म्हणजे शटरचा वेग आपण ठरवायचा. मग शटर १/१०० सेकंद, म्हणजे ट्यूबच्या एका मिणमिणण्याइतकं, आणि आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) ऑटो. हलकी सावली उरली तर १/५०. शेवटी कोपर गादीवर टेकवून क्लिक, नाहीतर इतक्या जवळून पापणी हललेली येते. खिडकीचा उजेड पुरत असेल तर ट्यूबच बंद करा.