सबवूफर बॉक्स करून घेताय? या चुका टाळा

घोडबंदर रोडच्या सिग्नलला अशी एखादी गाडी शेजारी येतेच. नंबर प्लेट थडथडतेय, डिकी घुमतेय, गाणं कोणतं ते मात्र कळत नाही. मालक वूफरला, म्हणजे बेसचे खालचे सूर वाजवणाऱ्या स्पीकरला, नावं ठेवतो आणि त्याहून महागडा शोधायला वाशीला जातो. गडबड बहुतेक वेळा पेटीत असते. वूफर घेतला, त्याला ताकद देणारा अँप (अँप्लिफायर) घेतला, मग उरल्यासुरल्या पैशांत सुताराकडून बॉक्स ठोकून घेतला, असा हा क्रम.

आधी वूफरचं माहितीपत्रक वाचा. सगळीकडून बंद असलेल्या सीलबंद बॉक्सला किती लिटर, हवेसाठी नळी (पोर्ट) ठेवलेल्या पोर्टेडला किती, हे त्यात दिलेलं असतं. तो आकडा आतल्या मोकळ्या जागेचा असतो आणि सुतार माप घेतो बाहेरून. 40 × 35 × 30 सेंमीची पेटी बाहेरून 42 लिटर भरते. 18 मिमी एमडीएफची (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीची) जाडी वजा केली की आत उरतात जेमतेम 30. वूफरचं मॅग्नेट आणि आधाराच्या पट्ट्या धरल्या तर आणखी कमी. म्हणजे 42 लिटरचा बॉक्स हवा म्हणून सांगितलं आणि मिळाला त्याच्या दोन तृतीयांश! पोर्टेडमध्ये तर पोर्टने व्यापलेली जागाही वजा करायची. पोर्टची लांबी, तोंडाचा आकार आणि आतली जागा या तिन्हींवर ट्यूनिंग, म्हणजे बॉक्स कोणत्या सुराला घुमणार ते, ठरतं, त्यामुळे तिथे अंदाजाचं काम नाही. ट्यूनिंगच्या खालच्या सुरांना कोनला (वूफरच्या हलणाऱ्या पडद्याला) हवेचा आधार राहत नाही, तो भलताच आत-बाहेर होतो. अँपला असे फार खालचे सूर अडवणारा सबसॉनिक फिल्टर नसेल तर छोट्या गाडीत सरळ सीलबंद बॉक्स करा, असं माझं मत.

आपल्याकडे निम्मी डिकी सीएनजीच्या टाकीने खाल्लेली असते. टाकीच्या व्हॉल्व्हपर्यंत हात पोचला पाहिजे, बॉक्स तिला टेकता कामा नये. अर्थिंगसाठी, म्हणजे अँपची निगेटिव्ह वायर गाडीच्या बॉडीला जोडायला, तळाच्या पत्र्याला भोक पाडायच्या आधी खाली वाकून बघा. पेट्रोलची टाकी आणि गॅसची नळी तिथूनच जाते. जागाच नसेल तर सीटखाली मावणारा छोटा सबवूफर (अंडरसीट सब) बरा.

खाडीकाठची हवा आणि पावसाळा एमडीएफला मानवत नाही. ओल लागली की कडा फुगतात, सांधे सुटतात. कार्पेट चिकटवण्याआधी सगळ्या कडांना सीलर मारा, आतून सांध्यांना सिलिकॉन भरा. हवा निसटतेय का हे बघायला बेस चालू ठेवून सांध्यांजवळून ओला हात फिरवा. झुळूक जाणवली तर तिथे फट आहे.

अँपच्या खोक्यावरचे 2000 वॅट विसरा, आरएमएस, म्हणजे सलग देता येणारी ताकद, बघा. 500 वॅट आरएमएसचा क्लास डी (कमी वीज वाया घालवणारा) अँप पूर्ण जोरात चालला तर साधारण 45 अँपिअर ओढतो. स्वस्त वायरमध्ये तांब्याचा मुलामा दिलेलं अॅल्युमिनियम असतं, तेवढ्याच जाडीत ती जास्त तापते. फ्यूज बॅटरीपासून 45 सेंमीच्या आतच हवा. तो अँपसाठी नाही, वायरसाठी असतो: मध्येच कुठे वायर घासून बॉडीला लागली तर आग तिथे लागते. प्रत्येकी 4 ओहमच्या दोन कॉइल (तारेची वेटोळी) असलेल्या वूफरच्या कॉइल समांतर जोडल्या की 2 ओहम, एकापुढे एक जोडल्या की 8. अँपला 2 ओहम झेपतात का हे घ्यायच्या आधीच विचारा, नाहीतर तो सारखा प्रोटेक्टमध्ये जाईल, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद पडेल.

इंजिनाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली तर अर्थिंगखालचा रंग खरवडून पत्रा उघडा करा, स्टिरिओकडून अँपला आवाज नेणारी आरसीए केबल पॉवरच्या वायरपासून लांब न्या. करपट वास आला तर लगेच बंद करा. अँपवरचं गेनचं बटण म्हणजे व्हॉल्यूम नव्हे, ते स्टिरिओच्या सिग्नलशी अँप जुळवायला असतं. गेन वाढवत नेला की क्लिपिंग होऊन, म्हणजे अँपच्या आवाक्याबाहेर जाऊन आवाज फाटून, कॉइल जळते. आणि सगळं नीट जोडूनही बेस पोकळ वाटला तर काही विकत घ्यायच्या आधी वूफरच्या दोन वायरी उलटसुलट करून बघा. लो पास (वरचे सूर अडवणारा फिल्टर) 80 हर्ट्झवर ठेवा आणि ड्रायव्हरच्या सीटवर बसून ऐका. ज्या जोडणीत बेस जास्त भरीव येईल ती कायम करा.