घरापुढची हिरवी कड खालून विरळ होत होती, ती अशी भरून आणली

फाटकापासून दारापर्यंत सरळ वाट आणि दोन्ही अंगांना गुडघ्याएवढी, एकसारखी हिरवी कड मला फार दिवसांपासून हवी होती. थंड देशांत यासाठी बॉक्सवुड किंवा यू लावतात, ती बर्फातही हिरवी राहतात. बेळगावची थंडी बोचरी असली तरी इथे झाडांचा खरा कस पावसाळ्यातच लागतो. म्हणून टिळकवाडीतल्या घरापुढे कामिनी लावली.

ऐन आषाढात उजवी रांग पिवळी पडू लागली. उकरून पाहिलं तर वीतभर खाली तांबडी माती चिखल होऊन बसलेली, मुळं काळी, कुजका वास. छपराच्या पन्हळीचं पाणी नेमकं तिथेच पडत होतं. पन्हळीला पाइप जोडून ते गटारीकडे वळवलं, रांगेलगत चर काढून खडी भरली. काळी मुळं छाटून झाडं शेणखत घातलेल्या उंच वाफ्यावर बसवली.

खालचा विरळपणा मात्र छाटणीमुळे होता. माथा रुंद वाढला की खाली ऊन पोचत नाही. आता दोन टोकांना खुंट्या रोवून दोरी ताणतो आणि कात्री किंचित तिरकी धरतो: पाया रुंद, माथा अरुंद. बर्फाच्या देशांतही असंच कापतात, कारण रुंद माथ्यावर बर्फ साचून फांद्या फाकतात. माळीमामांना हे सांगितलं, तेव्हापासून दोरी तेच आठवणीने आणतात.

मोठी छाटणी वळीव पडून गेल्यावर, मिरगाच्या आधी उरकायची. झडीत कात्री लावायची नाही.