फोनवरून असाइनमेंट, फॉर्म आणि फी: कॉलेजच्या मुलांनो, या चुका टाळा

तालुक्याच्या कॉलेजात शिकवते. वर्गातल्या बहुतेक मुलांकडे लॅपटॉप नाही. वही, ग्रंथालय, बँक आणि परीक्षा विभागाची खिडकी, सगळं त्या एका फोनात असतं. त्यामुळे फोनवर झालेली चूक थेट निकालात उतरते. या चुका आळसापोटी होतात असं मला वाटत नाही. काम झाल्यासारखं दिसतं तिथे खरं तर एक पायरी उरलेली असते, आणि छोट्या स्क्रीनवर ती नजरेआड जाते.

असाइनमेंट जमा करायचं ॲप, गूगल क्लासरूम, त्याचंच घ्या. मागच्या सत्रात एक मुलगी रडवेली होऊन आली. तिच्या फोनवर सोळा पानांची पीडीएफ व्यवस्थित जोडलेली दिसत होती, माझ्या यादीत मात्र तिच्या नावापुढे 'मिसिंग' होतं. फाईल जोडली होती, पण 'टर्न इन' दाबायचं राहिलं होतं. काही फोनवर तेच बटण 'हँड इन' नावाने येतं. ते दाबल्याशिवाय असाइनमेंट जमा होत नाही. याहून फसवा प्रकार म्हणजे जमा केलेलं काम दुरुस्तीसाठी 'अनसबमिट' करायचं, म्हणजे परत घ्यायचं, पान बदलायचं आणि पुन्हा जमा करायला विसरायचं. मुदत उलटून गेली असेल तर पुन्हा जमा केल्यावर तेच काम 'उशिरा' म्हणून नोंदलं जातं.

दुसरा घोळ खात्याचा. फोन घरातला जुना असेल तर त्यावर पहिलं जीमेल वडिलांचं किंवा दादाचं असतं. फाईल त्या ड्राइव्हवर चढते, लिंक मला येते, आणि मी उघडली की समोर परवानगी मागणारं पान. रात्री अकराला मी परवानगी मागते, ती विनंती वडिलांच्या मेलवर जाते, आणि ते मेल उघडतच नाहीत. लिंक पाठवण्याआधी ती ब्राउझरच्या इनकॉग्निटो टॅबमध्ये, म्हणजे तुमचं लॉगिन नसलेल्या खासगी टॅबमध्ये, उघडून बघा. तिथे लॉगिन मागितलं तर शिक्षकांनाही बहुधा उघडणार नाही. त्यापेक्षा फाईलच जोडलेली बरी.

वहीच्या पानांचे फोटो हा माझ्या कळकळीचा विषय आहे. ट्यूबलाइटखाली उभं राहून फोटो काढला की हाताची आणि फोनची सावली बरोबर उत्तरावर पडते. मग तो फोटो व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून येतो, आणि पाठवताना ॲप तो दाबून लहान करतं. पेन्सिलच्या आकृत्या पुसट होतात, सल्फ्युरिक आम्लाच्या सूत्रातला खालचा 4 वाचताच येत नाही. मुलाने बरोबर लिहिलेलं असतं आणि मला गुण देता येत नाहीत, याचं फार वाईट वाटतं. वही दिवसा खिडकीशी ठेवा, उजेड बाजूने येऊ द्या. अँड्रॉइडवर गूगल ड्राइव्हमध्येच स्कॅनची सोय आहे. तिथे सगळ्या पानांची एकच पीडीएफ करा, पानांचा क्रम तपासा, आणि फाईलला रोल नंबर व विषयाचं नाव द्या. व्हॉट्सॲपवरच मागितली असेल तर ती डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

मराठीतून प्रकल्प लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक. डीटीपीवाल्याकडून श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप करून आणलेली वर्ड फाईल फोनवर उघडली की अगम्य इंग्रजी अक्षरांची रांग दिसते. या जुन्या फाँटमध्ये मराठी अक्षरांचे आकार इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. फाँट नसेल तिथे मूळ इंग्रजी अक्षरंच उरतात. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर वाचता येणाऱ्या पद्धतीने, टाइप करून घ्या. ते शक्य नसेल तर निदान दुकानातूनच पीडीएफ करून आणा.

आता पैशांचं. परीक्षा फॉर्म ब्राउझरमध्ये भरत असता आणि फी भरायला यूपीआयच्या ॲपमध्ये जाता. रॅम कमी असलेल्या फोनवर तेवढ्यात मागचा टॅब बंद होतो. पैसे कटतात, पावती येत नाही, आणि घाबरून मुलं लगेच दुसऱ्यांदा फी भरतात. थांबा. यूपीआयचा 12 अंकी व्यवहार क्रमांक लिहून ठेवा, पोर्टलवर पुन्हा लॉगिन करून फॉर्मची स्थिती बघा. खात्यातून पैसे गेले पण समोरच्याकडे पोचल्याची खात्री झाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत ते आपोआप परत यावेत, असा रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे. म्हणूनच शेवटच्या तारखेच्या आठवडाभर आधी फॉर्म भरा म्हणून मी मुलांच्या मागे लागते.

एबीसी आयडी, म्हणजे अभ्यासक्रमात मिळवलेली क्रेडिट जमा होतात त्या सरकारी ऑनलाइन खात्याचा क्रमांक, काढताना नाव बघा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर बहुधा शेवटी, वडिलांचं नाव कुठे पूर्ण तर कुठे नुसतं आद्याक्षर. हा आयडी ज्यातून काढतात ते सरकारी ॲप, डिजिलॉकर, आधारवरचं नाव उचलतं आणि ते कॉलेजच्या नोंदीशी जुळत नाही. प्रवेशाच्या वेळीच दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहा.

स्वयम् या सरकारी ऑनलाइन कोर्सच्या पोर्टलवर नाव नोंदवणं फुकट आहे, पण शेवटच्या परीक्षेची नोंदणी वेगळी करावी लागते आणि तिची फीही वेगळी असते. सगळे व्हिडिओ पाहून, असाइनमेंट भरून ही नोंदणी चुकलेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांची क्रेडिट गेली.

आणि सिम. स्वस्त रिचार्जसाठी नवं कार्ड घेतलं की जुनं पडून राहतं. 90 दिवस वापर नसेल आणि शिल्लकही नसेल तर कंपनी ते बंद करू शकते, पुढे तो नंबर दुसऱ्याला जातो. आधार, शिष्यवृत्ती, बँक, सगळ्यांचे ओटीपी मात्र तिथेच. आधारला नवा नंबर जोडायला बहुतेक मुलं केंद्रावर जातात. शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू झाले की तिथली रांग रस्त्यापर्यंत येते, म्हणून जून उजाडायच्या आत ते काम उरका.