टायपिंग शिकताना आधी बोटं बसवा, मग पत्र

"ताई, आता मोबाईलवर नुसतं बोललं की अक्षरं उमटतात, मग टायपिंगचा क्लास कशाला लावायचा?" बारावी झालेली, सांगलीत ऑफिसचं काम शोधणारी मुलं-मुली मला हे सारखं विचारतात. माझं उत्तर ठाम आहे. लावा. मी मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानात पत्रव्यवहार आणि हिशेबाचे तक्ते सांभाळते. हळदीचे सौदे चालू असताना तिथे जो गलका असतो, त्यात मोबाईलला पत्र सांगायचं म्हटलं तर निम्मे शब्द हमालांचे उमटतील. आणि समजा शांत खोली मिळाली, तरी सांगितलेल्या मजकुराची विषयाची ओळ, तक्ता, समास आणि सहीची जागा शेवटी माणसालाच बसवावी लागते.

टायपिंग येतं कुणाला, याबद्दल माझी एकच कसोटी आहे. तुम्ही केलेली फाइल पुढच्या माणसाने उघडली, छापली किंवा त्यात दोन आकडे बदलले, आणि त्याला तुमचं काहीही निस्तरावं लागलं नाही, तर तुम्हाला टायपिंग येतं. वेग त्यानंतरचा.

सुरुवात बोटांपासून करायची. कीबोर्डवर एफ आणि जे या दोन कळांवर बारीक उंचवटा असतो. डाव्या हाताची तर्जनी एफवर, उजव्या हाताची जेवर. उरलेली बोटं ओळीने शेजारी: डावीकडे डी, एस, ए आणि उजवीकडे के, एल, अर्धविराम. अंगठे स्पेसबारवर. ही मधली ओळ म्हणजे बोटांचं घर. बोट वरची किंवा खालची कळ दाबून लगेच घरी परत आलं पाहिजे. दोन्ही तर्जन्यांना सहा-सहा कळा सांभाळायच्या असतात, करंगळ्यांवर शिफ्ट आणि एंटरचा भार असतो. डाव्या हाताचं मोठं अक्षर काढताना शिफ्ट उजव्या करंगळीने धरायची आणि उजव्या हाताचं काढताना डाव्या करंगळीने. नवीन मुलं इथेच कंटाळतात आणि एकाच हाताने दोन्ही कामं उरकायला लागतात. ती सवय पुढे मोडणं फार जड जातं, म्हणून पहिल्या आठवड्यातच पक्कं करा.

बसण्याकडेही लक्ष द्या. पाय जमिनीला टेकलेले, कोपर साधारण काटकोनात, मनगट टेबलाच्या कडेवर न दाबता किंचित अधांतरी. कीबोर्डच्या मागचे छोटे पाय मिटून ठेवलेले बरे, कारण ते उघडले की मनगट वर मुडपतं. ज्यावरून मजकूर उतरवायचा तो कागद टेबलावर आडवा टाकू नका, स्क्रीनच्या शेजारी उभा करा. दिवसभर मान खाली-वर करून संध्याकाळी जी दुखते, तिचं कारण बहुतेक वेळा हा कागदच असतो.

आता कळांकडे न बघण्याबद्दल. अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात २५ जुलै १८८८ रोजी टायपिंगची एक गाजलेली लढत झाली. फ्रँक मॅकगरिन हा न्यायालयातला लघुलेखक एका बाजूला, टायपिंग शिकवणारा लुई ट्रॉब दुसऱ्या बाजूला. मॅकगरिन सगळी बोटं वापरायचा आणि कळा बघत नसे, ट्रॉब बघून टाइप करायचा. स्पर्धेत सांगितलेला मजकूर टाइप करायचा होता आणि समोरच्या कागदावरून उतरवायचाही होता. मॅकगरिन जिंकला. उतरवण्याच्या कामात तर हा फरक पडणारच, कारण नजर एकतर कागदावर राहील नाहीतर कळांवर. आमच्या दुकानात काटापट्टीवरून, म्हणजे वजनाच्या चिठ्ठीवरून, वजनं उतरवताना मला हे रोज दिसतं. जो कळा बघतो त्याची पट्टीवरची ओळ हरवते, आणि एका शेतकऱ्याचं वजन दुसऱ्याच्या नावापुढे जातं.

वेगाचं गणित सोपं आहे. वेग मोजताना सहसा पाच ठोके म्हणजे एक शब्द धरतात, त्यात स्पेसही आली. म्हणजे मिनिटाला ३० शब्द म्हणजे १५० ठोके, सेकंदाला अडीच. ४० शब्द म्हणजे २०० ठोके. हा आकडा ऐकायला मोठा वाटला तरी हात न थांबता चालला तर आरामात गाठता येतो. वेळ खातं ते चुकणं, बॅकस्पेसने मागे जाणं आणि पुन्हा लिहिणं. म्हणून सराव करताना बॅकस्पेसला हात लावू नका. चूक राहू दे, उतारा पुरा करा, मग चुका लाल पेनाने मोजा. त्याच त्या अक्षरांवर चूक होते हे दोन-तीन पानांत कळतं, आणि दुसऱ्या दिवशी तेवढीच अक्षरं घोटायची. एका बैठकीत दोन तास बडवण्यापेक्षा सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास बसणं मला कधीही चांगलं वाटतं. बोटं दमली की चुकीच्या सवयी घोटल्या जातात.

मराठीसाठी कोणता कीबोर्ड, हा पुढचा प्रश्न. जुन्या टाइपरायटरची सवय असलेली मंडळी रेमिंग्टन मांडणी वापरतात. नव्याने शिकणाऱ्याला मी इनस्क्रिप्ट ही भारतीय लिप्यांसाठीची मांडणी सांगते. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला आहेत, आणि आपण उच्चारतो त्या क्रमाने टाइप करायचं असतं. रेमिंग्टनमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी दाबावी लागते, कारण ती कागदावर आधी दिसते. इनस्क्रिप्टमध्ये आधी क, मग वेलांटी. हलन्त, म्हणजे अक्षराचा पाय मोडणारी खूण, डाव्या मधल्या बोटाखाली, डीवर. 'पत्र' आणि 'तक्ते' हे दोन्ही शब्द मधली ओळ न सोडता निघतात, म्हणून मी सरावाला पहिले तेच देते. 'हळद' टाइप करताना ह यूवर, ळ शिफ्ट धरून एनवर आणि द ओवर मिळतो.

एका जोडाक्षराकडे खास लक्ष द्या. 'शेतकऱ्यांना', 'व्यापाऱ्यांना' हे शब्द आपल्या भागातल्या कामात पानोपानी येतात. त्यातला ऱ्य नेहमीच्या र ने काढायला गेलात तर रफार होऊन 'शेतकर्यांना' असं उमटतं. इथे शिफ्टसह जे दाबून ऱ घ्यायचा, मग हलन्त, मग य. तसंच विसर्ग आणि अपूर्णविराम यांची अदलाबदल करू नका. 'दुःख' मध्ये विसर्ग, 'विषय :' च्या पुढे अपूर्णविराम. दिसायला दोन्ही दोन टिंबंच, पण फाइलमध्ये शब्द शोधायला गेलं की चुकीचा शब्द सापडत नाही. आणि जे काही टाइप कराल ते युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षर-संकेतांत, करा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधली फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते.

परीक्षेबद्दल थोडक्यात. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची जीसीसी-टीबीसी ही संगणक टंकलेखनाची परीक्षा शासनमान्य संस्थांमधून देता येते. त्यात वेगाच्या उताऱ्याबरोबर पत्र, तक्ता, ईमेल आणि वस्तुनिष्ठ प्रश्नही असतात. शासनाच्या लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट वेगाचं प्रमाणपत्र मागतात. सरकारी नोकरीचा विचार नसला तरी ही परीक्षा द्यावी असं माझं मत आहे, कारण तिच्या निमित्ताने पत्र आणि तक्ता नीट शिकला जातो. बरीच मुलं फक्त उताऱ्याच्या मागे लागतात आणि पत्राचा सराव शेवटच्या आठवड्यावर ढकलतात. खाजगी कामात मात्र पहिल्याच दिवशी पत्र समोर येतं.

पत्राला हात घालण्याआधी पानाचं माप बघा. वर्डमध्ये कधीकधी अमेरिकन लेटर माप आधीच लावलेलं असतं. आपल्या प्रिंटरमध्ये ए४ असतो, २१० बाय २९७ मिलिमीटर. माप चुकलं तर शेवटच्या ओळी पुढच्या पानावर जातात, नाहीतर प्रिंटर कागद मागत बसतो. दुकानाचं छापील लेटरहेड असेल तर त्याचा वरचा मजकूर पट्टीने मोजा आणि तेवढा वरचा समास ठेवा. एंटर दहा वेळा दाबून मजकूर खाली ढकलायचा नाही. कुणी वर एक ओळ वाढवली की अख्खं पत्र घसरतं.

स्पेसबारचंही तेच. तारीख उजवीकडे न्यायला स्पेस दाबत गेलात तर फॉन्ट बदलताच ती जागा सोडते. त्यासाठी टॅब थांबा (टॅबची कळ दाबल्यावर मजकूर जिथे जाऊन थांबतो ती जागा) लावायचा किंवा ती ओळ उजवीकडे संरेखित करायची. नवीन पान हवं तर कंट्रोल आणि एंटर. वर्डमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि ८ एकत्र दाबलं की लपलेल्या खुणा दिसतात: प्रत्येक स्पेसचा ठिपका, टॅबचा बाण, परिच्छेदाची खूण. कुणाचंही काम तपासताना मी आधी या खुणा उघडते. ठिपक्यांची रांग दिसली की समजायचं, हे पत्र फक्त याच संगणकावर सरळ दिसणार आहे.

पत्राचा क्रम असा ठेवा: जावक क्रमांक आणि दिनांक, प्रति, विषय, संदर्भ, महोदय, मजकूर, आपला विश्वासू, सहीसाठी मोकळी जागा, नाव व पद, शेवटी सोबतच्या कागदांची यादी. यातली विषयाची ओळ सगळ्यात जास्त विचार करून लिहा. 'विषय : हळदीबाबत' यातून वाचणाऱ्याला काही कळत नाही. 'विषय : राजापुरी हळदीच्या ८५ पोत्यांचे थकीत बिल मिळणेबाबत' असं लिहिलं की समोरचा दिवाणजी पत्र पुरतं न वाचताही योग्य फाइल काढतो. संदर्भात आधीच्या पत्राचा क्रमांक आणि तारीख दोन्ही द्या. मजकुराच्या पहिल्याच वाक्यात काय हवं आहे ते सांगा, कारणं त्यानंतर.

आकडे आले की तक्ता करा, वाक्यात कोंबू नका. लॉट क्रमांक, पोती, वजन, दर, रक्कम असे स्तंभ करा आणि एकक स्तंभाच्या मथळ्यात एकदाच लिहा. नावं डावीकडे, आकडे उजवीकडे संरेखित. ४२.५० क्विंटल, दर १४,२०० रुपये, रक्कम ६,०३,५०० रुपये. स्वल्पविराम आपल्या लाख-कोटीच्या पद्धतीने यायला हवेत, कारण काही प्रोग्राम ६०३,५०० असं दाखवतात. एकूण रकमेखाली 'अक्षरी रुपये सहा लाख तीन हजार पाचशे फक्त' लिहा. तक्ता दोन पानांवर गेला तर मथळ्याची ओळ दुसऱ्या पानावर आपोआप यावी अशी सोय वर्डमध्ये आहे, ती लावून ठेवा. 'रु.' ओळीच्या शेवटी आणि आकडा पुढच्या ओळीवर असं तुटू नये म्हणून मध्ये साध्या स्पेसऐवजी कंट्रोल, शिफ्ट आणि स्पेस एकत्र दाबा.

फॉन्ट एकच ठेवा. मराठीला मंगल किंवा निर्मला चालतो, आकार १२ पुरेसा. ठळक अक्षरं विषयाला आणि एकूण रकमेला, बाकी कुठे नको. दोन्ही कडा सरळ करण्याचा मोह मराठीत टाळावा असं मला वाटतं. आपले शब्द लांब असतात, त्यामुळे मध्येच मोठाल्या फटी पडतात.

बाहेर पाठवायचं पत्र पीडीएफ करून पाठवा आणि मूळ फाइलही जपा. फाइलच्या नावात आधी वर्ष, मग महिना, मग दिवस लिहा, म्हणजे यादी तारखेनुसार आपोआप लागते. पाठवण्याआधी एक प्रत छापून दोघांनी मिळून तपासा. आमच्याकडे मी आकडे मोठ्याने वाचते आणि दिवाणजीकाका काटापट्टीवर बोट ठेवून मिळवतात.