शाळेत कार्यशाळेचा तास सुरू करताना

नाशिक शहराला लागून सातपूर-अंबडचे कारखाने आहेत आणि थोडे पुढे गेले की निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागा सुरू होतात. तरीही दहावीपर्यंत पोहोचलेल्या अनेक मुलामुलींनी हातात कधी करवत धरलेली नसते, हे मला फार खुपते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये सहावीपासूनच व्यवसायांची प्रत्यक्ष ओळख करून देण्याची अपेक्षा आहे. ती कागदावर राहू नये, असे ज्या शाळांना वाटते त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

यंत्रसामग्रीची यादी करण्याआधी कामांची यादी करावी. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे सुरू केलेल्या विज्ञान आश्रमाने गावाला खरोखर लागणारी कामे करता करता शिकण्याची पद्धत रुजवली, आणि मला तीच सर्वांत भरवशाची वाटते. शिक्षकांनी मुलांसह शाळेत एक फेरी मारली, तर डुगडुगणारे बाक, गळणारे नळ आणि निखळलेल्या कड्या यांतूनच पहिल्या सत्राचा अभ्यासक्रम तयार होतो.

वेळापत्रकात दोन तास जोडूनच घ्यावेत, कारण एका तासातला बराचसा वेळ हत्यारे काढण्यात आणि परत मोजून ठेवण्यात जातो. एका वेळी वीसपेक्षा जास्त मुले घेऊ नयेत. बेंच व्हाइस, कानस, हॅक्सॉ, गुणिया, पक्कड, टेस्टर आणि मोजपट्टी एवढ्यावर सुरुवात होते. ड्रिल मशीन नंतर आणले तरी चालते, गॉगल मात्र पहिल्याच दिवशी हवेत.

विजेचे पहिले काम म्हणून एक्स्टेन्शन बोर्ड घ्यावा. तीन कोअरच्या वायरीचे वरचे आवरण सोलताना आतल्या तारा तुटू देऊ नयेत, हेच निम्मे कौशल्य आहे. सोललेले टोक पिळून स्क्रूखाली घट्ट बसवावे आणि हलकेच ओढून पाहावे. फेज आधी स्विचमध्ये न्यावा आणि तिथून सॉकेटच्या उजव्या छिद्राला जोडावा, न्यूट्रल डाव्या छिद्राला जोडावा आणि अर्थिंग वरच्या मोठ्या छिद्राला. हे उजवे-डावे समोरून पाहतानाचे असते. बोर्ड उलटा केला की बाजू बदलते, आणि जोडणी मागूनच करायची असल्यामुळे मुले नेमकी इथेच चुकतात. तयार बोर्ड थेट प्लगमध्ये न लावता शंभर वॅटचा साधा बल्ब सिरीजमध्ये असलेल्या टेस्ट बोर्डवर तपासावा. सॉकेटमध्ये काहीही जोडलेले नसताना स्विच चालू केल्यावर बल्ब पूर्ण उजळला, तर कुठेतरी शॉर्ट आहे असे समजावे. ही तपासणी शिक्षकांच्या समोरच व्हावी आणि कार्यशाळेच्या पुरवठ्यावर तीस मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, असावा.

शिकवायला निवृत्त फिटर किंवा इलेक्ट्रिशियन मिळाले तर उत्तमच. कारखान्यांच्या या शहरात अशी माणसे पालकांच्या ओळखीतूनच सापडतात. त्यांच्यासोबत शाळेचा एक शिक्षक मात्र कायम असावा. मुलींना नोंदी ठेवण्याचे काम देऊन मुलांच्या हाती हत्यारे देण्याची सवय पहिल्याच आठवड्यात मोडावी. प्रत्येकाने प्रत्येक काम केलेच पाहिजे.

प्रत्येक कामाचे एक पान असावे: आकृती, मापे, साहित्याचा खर्च, लागलेला वेळ, आणि काय बिघडले ते. गुण देताना सुबक आकृतीपेक्षा शेवटच्या रकान्याला जास्त वजन द्यावे.

कारखाना दाखवायला नेताना तेथे फक्त निरीक्षण करावे, कारण अठरा वर्षांखालील मुलांना धोकादायक कामाला लावण्यास कायद्याने मनाई आहे. त्याच भेटीत पुढच्या वाटाही सांगाव्यात: दहावीनंतर आयटीआयमध्ये वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, तर फिटर आणि इलेक्ट्रिशियनचा दोन वर्षांचा असतो, दोन वर्षांचा आयटीआय पूर्ण केल्यावर पुढे अभियांत्रिकी पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. पालकांची सभा घ्यायची असेल तर ती कार्यशाळेतच घ्यावी आणि मुलांनी केलेली कामे टेबलावर मांडून ठेवावीत.